उचलून ठेवावा लागणारा देव

(शास्त्रपाठ : १ शमुवेल ५:१-५)



दागोनाची गोष्ट रविवारच्या शाळेत ऐकली नाही, असा मनुष्य आपल्या मंडळ्यांत विरळाच. अश्दोदच्या देवळात मूर्ती पालथी पडते, लोक तिला उचलून जागेवर ठेवतात, आणि दुसऱ्या सकाळी पाहतात तो मुंडके व हात तुटून उंबरठ्यावर पडलेले! आम्ही मुले पोट धरून हसत असू. पुढे मी उपदेश करू लागलो, तेव्हा मीही ही गोष्ट लोकांस हसवण्यासाठीच सांगितली, आणि मंडळीही हसली. आज त्या उपदेशांची मला लाज वाटते. शेजाऱ्यांच्या दैवतांना हसावे म्हणून हा अध्याय लिहिलेला नाही. त्याच्या आधीचा चौथा अध्याय वाचा, म्हणजे कळेल की येथे देवाचा पहिला प्रश्न त्याच्या स्वतःच्या लोकांना आहे. दागोनाची पाळी नंतर येते.

हा दागोन कोण?

पलिष्टी लोक मूळचे कनान देशातले नव्हते. परमेश्वराने त्यांना कफतोराहून आणले, असे आमोस संदेष्टा सांगतो (आमोस ९:७). कफतोर म्हणजे क्रीत बेट, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ख्रिस्तपूर्व बाराव्या शतकात समुद्राकडून आलेल्या टोळ्यांशी मिसर देशाचा राजा तिसरा रामसेस लढला. त्या लढाईची कोरीव चित्रे मेदिनेत हाबू येथील देवळाच्या भिंतींवर आजही आहेत, आणि त्या टोळ्यांत पलिष्ट्यांचे नाव आहे. अष्कलोन येथे सापडलेल्या प्राचीन सांगाड्यांची तपासणी होऊन २०१९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांतही दक्षिण युरोपकडून आलेल्या रक्ताचा अंश दिसून आला. हे लोक किनारपट्टीवर गज्जा, अष्कलोन, अश्दोद, गथ व एक्रोन या पाच नगरांत वसले.

दागोन मात्र त्यांच्याबरोबर समुद्रातून आलेला नव्हता. तो सिरिया देशातला, पलिष्ट्यांच्या येण्याहून हजार वर्षांपेक्षाही जुना देव. फरात नदीच्या काठी तुत्तुल व तेर्का या नगरांत त्याची मोठी ठाणी होती. १९२८ साली सिरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याच्या नांगराला दगड लागला, ते एक जुने थडगे निघाले, आणि पुढील वर्षापासून तेथे उगारीत नावाचे बुडालेले नगर खणून काढण्यात आले. तेथील मातीच्या पाट्यांवर बआल देवाला दागोनाचा पुत्र म्हटले आहे. ज्या बआलामागे इस्राएल लोक वारंवार धावले, त्याचा हा बाप!

पुष्कळांच्या मनात दागोन म्हणजे अर्धा मनुष्य व अर्धा मासा असे चित्र आहे. हिब्रू भाषेत 'दाग' म्हणजे मासा. त्यावरून मध्ययुगातील यहूदी भाष्यकारांनी तसा अर्थ केला, आणि मिल्टन कवीने १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाकाव्यात त्याला तसेच रंगवले. पण त्याच भाषेत 'दागान' म्हणजे धान्य. बिब्लोस नगरचा फिलो नावाचा एक जुना लेखकही दागोनाचा अर्थ धान्य असाच देतो आणि नांगराचा शोध त्याच्या नावावर मांडतो. आजचे अभ्यासक माशाची कल्पना बहुधा सोडून देतात.

वाचकहो, हा फरक लहान नाही. मासा असता तर हसून सोडून देता आले असते. भाकरीच्या देवाला हसणे कठीण आहे. परदेशातून आलेले लोक नव्या भूमीत नांगर धरतात, पाऊस कोण पाडतो व कणीस कोण भरतो याची चौकशी करतात, आणि त्या भूमीत ज्याच्यापुढे लोक वाकतात त्याच्यापुढे तेही वाकू लागतात. पोटासाठी मनुष्य काय करणार नाही? मग हाच देव त्यांचा लढाईचाही देव झाला. शमशोन हाती सापडला तेव्हा पलिष्ट्यांच्या सरदारांनी गज्जा येथे दागोनाचाच उत्सव केला (शास्ते १६:२३). ते देऊळ दोन खांबांवर उभे होते असे आपण वाचतो. तेल अवीव शहराच्या हद्दीत तेल कसिले येथे १९७१ ते १९७४ या काळात खोदकाम झाले, तेव्हा पलिष्ट्यांचे असे एक देऊळ मिळाले की ज्याचे छत दोन लाकडी खांबांवर तोललेले होते.

कोश रणांगणावर

आता चौथ्या अध्यायाकडे वळू. इस्राएल लोकांनी एबन-एजर येथे तळ दिला, पलिष्ट्यांनी अफेक येथे. पहिल्या दिवशी सुमारे चार हजार माणसे पडली. तेव्हा इस्राएलाचे वडील जन जमले आणि त्यांनी अगदी योग्य प्रश्न विचारला : परमेश्वराने आज आपला पराभव का होऊ दिला? किती चांगला प्रश्न! पण त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. कोणी गुडघे टेकले नाहीत, कोणी उपास केला नाही. बाल शमुवेलाशी परमेश्वर शिलो येथे बोलला होता व तो संदेष्टा नेमला गेला आहे हे दानापासून बैर-शेबापर्यंत सर्वांना ठाऊक झाले होते, तरी त्याला विचारावे असे कोणाच्या मनात आले नाही. प्रश्न विचारून होतो न होतो तोच त्यांनी उपाय ठरवून टाकला : शिलोहून कराराचा कोश आणू या, म्हणजे तो आपल्याला वाचवील.

आणि कोश कोण घेऊन आले? एलीचे दोघे पुत्र, हफनी व फिनहास. अर्पणाच्या मांसाला आकडा लावणारे, दर्शनमंडपाच्या दाराशी व्यभिचार करणारे. कोश छावणीत येताच असा जयघोष झाला की भूमी दणाणली. पलिष्टीसुद्धा घाबरले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, काय हे संजीवन! काय ही श्रद्धा! पण त्याच दिवशी तीस हजार पडले, हफनी व फिनहास मेले आणि कोश शत्रूच्या हाती गेला. अठ्ठ्याण्णव वर्षांचा एली वाटेकडे डोळे, नव्हे, कान लावून बसला होता. कोश गेल्याचे ऐकताच तो आसनावरून मागे पडून मेला. त्याच्या सुनेने मरता मरता नवजात बाळाचे नाव ईखाबोद ठेवले, कारण इस्राएलाचे वैभव गेले होते.

असे का झाले? इस्राएलाने कोशाशी तेच केले, जे पलिष्टी दागोनाशी करत होते. गरज पडली की उचलायचे, हवे तेथे न्यायचे, आणि आपले काम करवून घ्यायचे. मेंढपाळ लोकांना नेतो. येथे लोक मेंढपाळाला खांद्यावर घालून नेऊ लागले. परमेश्वराने अशा लोकांना विजय देण्यापेक्षा स्वतःचा कोश शत्रूच्या हाती जाऊ देणे पत्करले. विचार करा, बंधूंनो. आपल्या नावाची नाचक्की त्याने सोसली, पण आपल्या लोकांच्या हातातले ताईत होणे त्याने सोसले नाही.

उशाखालचे शास्त्र

येथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगावीशी वाटत नाही, तरी सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझी आई दवाखान्यात होती. डॉक्टरांनी फारशी आशा दिलेली नव्हती. मी तेव्हा ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा घेतलेला, गळ्यात झोळी अडकवून गावोगाव उपदेश करणारा माणूस. एका रात्री मी पवित्र शास्त्र आईच्या उशाखाली सरकवले. उघडून वाचले नाही, नुसते सरकवले. मनात एक हिशेब होता, तोही सांगतो : इतकी वर्षे तुझी सेवा केली आहे, आता एवढे तरी कर.

पहाटे आईने विचारले, "बाळा, उशाखाली काय रुततंय रे?"

मी म्हणालो, "आई, शास्त्र ठेवलंय."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिथं ठेवून काय उपयोग? माझी नजर गेली आता. तू वाच की."

माझी आई चार इयत्ता शिकलेली होती. त्या पहाटे तिने मला जे शिकवले, ते डिप्लोम्याच्या वर्गात माझ्या डोक्यात शिरले नव्हते. मी शास्त्र बाहेर काढले आणि स्तोत्रे वाचू लागलो. वाचता वाचता रडू लागलो, कारण कित्येक दिवसांत मी देवाचे काही ऐकलेच नव्हते, केवळ त्याला सांगत आलो होतो. माझी आई बरी झाली नाही. पाचव्या दिवशी ती प्रभूकडे गेली. पण ते पाच दिवस देव त्या खाटेजवळ होता, उशाखाली नव्हता.

दागोनाच्या शेजारी

पलिष्ट्यांनी कोश फोडला नाही, जाळला नाही. त्यांनी तो अश्दोद येथे दागोनाच्या देवळात नेऊन दागोनाशेजारी ठेवला. जिंकलेल्या लोकांची पवित्र वस्तू आपल्या देवापुढे आणून ठेवणे ही त्या काळची रीतच होती. मवाबाचा राजा मेशा याचा जो शिलालेख १८६८ साली सापडला, त्यात त्याने परमेश्वराची पात्रे आपल्या कमोश देवापुढे ओढत नेल्याचे अभिमानाने लिहिले आहे. आमचा देव जिंकला, तुमचा हरला, एवढाच त्याचा अर्थ.

पण 'शेजारी' हा शब्द माझ्या मनात खुपतो. आपण देवाला घराबाहेर काढत नाही. आपण त्याला दागोनाशेजारी जागा देतो. रविवारची उपासना आहे, आणि तिच्या शेजारी सोमवारचा खोटा दाखला आहे. दशमांश आहे, आणि शेजारी व्याजाने दिलेला पैसा आहे. मुलाच्या नोकरीसाठी पाळकसाहेबांची प्रार्थना आहे, आणि तिच्याच शेजारी टेबलाखालचे पाकीट आहे. हे काय पूर्वीच्या पलिष्ट्यांचे पाप आहे? हा भाकरीचा देव आहे, आणि आपल्या प्रत्येकाच्या घरात भाकरी लागते. ज्याच्याकडून भाकरी येते असे मन खरोखर मानते, त्याच्यापुढेच मनुष्य अखेर वाकतो.

पहिल्या सकाळी दागोन कोशापुढे पालथा पडलेला दिसला. लोकांनी काय केले? त्याला उचलून जागेवर ठेवले. शास्त्राने ही गोष्ट एका वाक्यात, काहीही टीका न करता सांगितली आहे, आणि सगळा उपदेश तेथेच आहे. ज्याला उभे राहायला भक्तांचा हात लागतो, तो भक्तांना कसा उभा करणार? यशया संदेष्टा शेचाळिसाव्या अध्यायात हाच फरक दाखवतो : बेल व नबो यांना थकलेल्या जनावरांच्या पाठीवर लादून न्यावे लागते, परमेश्वर मात्र आपल्या लोकांना गर्भापासून पिकलेल्या केसांपर्यंत स्वतः वाहून नेतो. तुमच्या देवाची परीक्षा करायची असेल तर एवढेच विचारा : मी त्याला वाहतो, की तो मला वाहतो?

त्या सकाळी अश्दोदकरांना एक संधी होती. पडलेला देव पाहून ते थांबू शकले असते. आपलेही दागोन एकदा तरी पडतात. नोकरी जाते, जमिनीचा दावा फिरतो, ज्या मुलावर सारी भिस्त ठेवली तो पाठ फिरवतो. ती देवाने दिलेली पहिली सकाळ असते. आपण थांबत नाही. धूळ झटकतो आणि त्यालाच पुन्हा उचलून ठेवतो. मग दुसरी सकाळ येते.

हात

दुसऱ्या सकाळी दागोनाचे मुंडके व दोन्ही हात तुटलेले होते. लगेच सहाव्या वचनात परमेश्वराचा हात अश्दोदकरांवर भारी झाला असे येते, आणि पुढे हा हात पुन्हा पुन्हा येतो. एकाचे हात उंबरठ्यावर, दुसऱ्याचा हात नगरभर. कोश गथ येथे गेला, एक्रोन येथे गेला. जाईल तेथे गाठींचा रोग आणि हाहाकार. देशात उंदरांनीही नासधूस केली (६:५). धान्याच्या देवाचा देश, आणि धान्याच्या वैऱ्याला तो थोपवू शकत नाही! सात महिन्यांनी पलिष्ट्यांनी सोन्याच्या पाच गाठी व पाच उंदीर घालून कोश परत पाठवला. कधी जू न पाहिलेल्या दोन दुभत्या गाई, वासरे घरी कोंडलेली, तरी त्या हंबरत सरळ बेथ-शेमेशच्या वाटेने चालल्या. एकही इस्राएली सैनिक तेथे नव्हता. परमेश्वराला कोणी सोडवून आणले नाही. तो स्वतः आला. आणि तो आला तेव्हा खोऱ्यात गव्हाची कापणी चालली होती (६:१३). भाकरी कोण देतो, याचे उत्तर त्या शेतात उभे होते.

पण येथेही हसू नका. बेथ-शेमेशच्या लोकांनी कोशात डोकावून पाहिले आणि तेही मेले. पुढे गिलबोवा डोंगरावर शौल राजा पडला, तेव्हा त्याचे मुंडके याच दागोनाच्या देवळात लावण्यात आले (१ इतिहास १०:१०). दागोनाचे मुंडके पडले, तसे देवाच्या अभिषिक्ताचेही पडले. 'आम्ही देवाचे लोक' एवढ्या नावावर कोणी सुटत नाही.

मग सुटका कशात आहे? सातव्या अध्यायात कोश किर्याथ-यारीम येथे वीस वर्षे आहे. शमुवेल लोकांस सांगतो की परकी दैवते टाका आणि मन एका परमेश्वराकडे लावा. मिस्पा येथे लोक जमतात, पाणी ओततात, उपास करतात, आम्ही पाप केले असे कबूल करतात. पलिष्टी चालून येतात, आणि या वेळी त्यांचा मोड होतो. शमुवेल तेथे एक दगड उभारून त्याला एबन-एजर असे नाव देतो. ताडून पाहा. पहिल्या एबन-एजराला कोश होता, जयघोष होता, पश्चात्ताप नव्हता : तीस हजार पडले. दुसऱ्या एबन-एजराला कोश रणांगणावर नव्हता, मोडलेली मने होती : विजय मिळाला. मंडळीच्या इमारतीला शंभर वर्षे झाली, घंटा मोठी आहे, सण थाटात होतात, हे सारे ठीक. पण समितीतल्या दोन भावांचे बोलणे वर्षानुवर्षे बंद असेल, तर आपण कोश घेऊन पहिल्या एबन-एजराकडे चाललो आहोत.

विंधलेले हात

प्रियांनो, कोश शत्रूच्या हाती गेला तेव्हा सर्वांना वाटले की देव हरला. कालवरीवरही तसेच वाटले. आपला प्रभू पापी जनांच्या हाती दिला गेला, परक्याच्या कबरेत ठेवला गेला, दाराशी पहारा बसला. आणि तेथेही एक सकाळ झाली. त्याला उचलून उभे करायला कोणी भक्त आले नव्हते. स्त्रिया आल्या त्या तर मृत शरीराला सुगंधी द्रव्ये लावायला आल्या होत्या. तो आधीच उठला होता.

दागोनाचे हात तुटले, तेव्हा त्याच्या भक्तांनी काय पाहिले? आमचा देव काही करू शकत नाही. आमच्या प्रभूने शिष्यांना आपले हात दाखवले, तेही जखमी होते. पण ते त्याने स्वतः पुढे केले होते. त्या जखमा पाहून थोमाने विश्वास ठेवला. ज्या हातांनी रानात भाकरी मोडून पाच हजारांना तृप्त केले, तेच हात आपल्यासाठी विंधले गेले. दररोजची भाकर त्याच हातांतून मागायला त्याने आपल्याला शिकवले आहे. त्यामुळे शेजारी दुसरा देव ठेवण्याची गरजच उरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. प्रेषितांच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी फिलिप्प अजोत येथे आढळला असे लिहिले आहे. अजोत म्हणजे तेच जुने अश्दोद. जेथे कोश एकदा बंदिवान होऊन गेला, तेथे शतकांनंतर एक साधा सेवक आला. त्याच्याजवळ कोश नव्हता, सैन्य नव्हते. तो अश्दोदकरांना हसायला आला नव्हता, त्यांना सुवार्ता सांगायला आला होता. शेजाऱ्यांच्या वस्तीत जाताना आपणही तसेच जावे.

पण आधी घरी. आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी स्वतःला विचारा की गेल्या महिन्यात मी कोणता पडलेला दागोन उचलून पुन्हा जागेवर ठेवला? त्याचे नाव देवापुढे घ्या. आणि शास्त्र उशाखाली असेल तर बाहेर काढा, उघडा, आणि मोठ्याने वाचा. घरात कोणीतरी ऐकण्याची वाट पाहत असेल.

प्रार्थना : हे प्रभू, आम्ही तुला आमच्या कामासाठी खांद्यावर घेऊन फिरलो, त्याची क्षमा कर. तुझ्या शेजारी आम्ही जे ठेवले आहे ते पडू दे, आणि ते पुन्हा उचलण्यास आमचे हात पुढे होऊ देऊ नकोस. आमची आजची भाकर तुझ्या विंधलेल्या हातांतून घेण्यास आम्हांला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.